मागून येणाऱ्यांची सोय नाही

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
कुपवाडच्या आमच्या कारखान्यात कॅमेऱ्याचं चित्र मोबाइलवर थेट पोचवणारा डबा बनतो. डब्यातल्या चिपला हुकूम देणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहितो. मालक आप्पासो आज म्हणाले, एप्रिलच्या जत्रेतलं कुस्तीचं मैदान आपल्या डब्यावरनं दाखवायचं. नीट पार पडलं की डिझाईनचा हेड नेमायचा. नाव घेतलं नाही, पण माझ्याकडे बघून खोकले. म्हणजे ठरलंच.

४ मार्च
संयोगिताला काम समजावलं. चिप दर वेळी अख्खं चित्र पाठवत नाही. आधीचं एक चित्र धरून ठेवते आणि त्यापेक्षा जेवढं बदललं तेवढंच पाठवते. धरलेल्या चित्राला रेफरन्स फ्रेम म्हणतात. कुठलं धरायचं, कधी सोडायचं, याचे कंट्रोल माझ्याकडे. ती म्हणाली, म्हंजे जुनं धरून बसायचं, ते तुमाला जमतंय की. बायकोला विषय लगेच कळला. बरं वाटलं.

७ मार्च, सकाळी ११
सुचलं! मैदानातली लाल माती काही बदलत नाही. आखाड्याची पूजा होते तेव्हाचं एकच चित्र धरायचं आणि शेवटपर्यंत सोडायचंच नाही. अख्खं चित्र परत पाठवायलाच नको. डेटा निम्मा. इतकी वर्षं जग काय करत होतं?

११ मार्च
अंकिता म्हणून ज्युनियर आहे, तासगावची. बोलते फार. मीटिंगमध्ये म्हणाली, सर, मागनं कुणी लिंक उघडली तर त्याच्याकडं ते पहिलं चित्रच नसणार, त्याला काय दिसंल? मी म्हणालो, त्यानं वेळेवर यावं. सगळे हसले. ती लाल झाली. मुद्दा संपला.

१४ मार्च
संपला नव्हता. तिला ‘नवं चित्र’ नावाचा कंट्रोल हवा आहे. दाबला की धरलेलं सोडायचं, अख्खं चित्र नव्यानं पाठवायचं. आप्पासोंनी मान हलवली. वाद नको म्हणून मी कंट्रोल दिला. दाबला की स्क्रीनवर ‘ओके’ येतं. आत काही होत नाही. पोरगी खूश. माणसं सांभाळणं हाही डिझाईनचाच भाग आहे.

२० मार्च
मेढ्याहून सासऱ्यांचा फोन. लालासाहेब, रिटायर सुभेदार, एके काळचे पैलवान. दोन वर्षं अर्धांगवायूनं अंथरुणावर. माझा मेहुणा ऋषिराज यंदा आमच्याच मैदानात नंबर एकची कुस्ती धरतोय. त्यांनी पोराला घडवलं, पण मोठ्या मैदानात खेळताना अजून बघितलेलं नाही. अर्धं तोंड हलत नाही, तरी शब्द जुळवून विचारलं, पाव्हणं, दिसंल न्हवं? मी म्हणालो, मामा, घामाचा थेंब दिसेल.
लग्नात याच माणसानं मला बघून म्हटलं होतं, ह्यो वजनात कमी हाय. आता बघू.

२ एप्रिल
टेस्ट. सकाळी लिंक उघडून चार तास बसलो. चित्र आरशासारखं. अंकिता म्हणाली, जेवणानंतर दुसऱ्या फोनवर उघडून बघू. गरज नाही म्हणालो. रिपोर्टवर तिचं नाव होतं, काढलं. नावं वाढली की जबाबदारी विखुरते.

१३ एप्रिल, रविवार, दुपारी ३
पूजा झाली. चित्र धरलं. मंडपात लॅपटॉपवर सुरुवातीपासून बघणारा मी एकटाच.

५.४०
लहान पोरांच्या कुस्त्या संपल्या. लोक नंबर एकच्या जोडीलाच येतात, तसे आता हजारोंनी लिंक उघडतायत. फोनही येतायत. म्हणे नुसता लाल चिखल दिसतोय, आत कायतरी वळवळतंय. नेटवर्कचा दोष. माझ्याकडे स्वच्छ आहे. रेकॉर्डिंगही आत्ताच चालू केलं, आधीचं साठवून करायचंय काय.

६.०५
अंकितानं ‘नवं चित्र’ दाबलं. ओके. परत दाबलं. ओके. दाबतच राहिली. मग माझ्याकडे बघितलं. सांगावं असं मला वाटलं. खरंच वाटलं. म्हणाली, सर, डबा बंद करून चालू करू, नवं चित्र आपोआप धरंल, दोन मिनिटांचं काम. मी नाही म्हणालो. इतकं सुंदर चित्र चालू असताना बंद कोण करतं?

६.१२
ऋषिराज जिंकला. गुडघा धरून उठला, जरा लागलं असावं.
संयोगिताचा मेढ्याहून फोन. बाबांची दाढी केली, फेटा बांधला, पाठीला उशा लावून पाचला बसवलं. चिखलाकडं बघत बसलेत. मी म्हणालो, बंद करून उघड. म्हणाली, आवं कितींदा?

१५ एप्रिल
रेकॉर्डिंगमध्येही चिखलच. अंकितानं ड्रायव्हर उघडून सगळ्यांसमोर ‘ओके’ची ओळ दाखवली. आप्पासो म्हणाले, गड्या, ते मशीन गप बसलं असतं तरी चाललं असतं, तू त्याला खोटं बोलायला लावलंस. हेड तीच झाली. अकरा ओळींत दुरुस्ती केली. मला काढू नका असंही तिनंच सांगितलं म्हणे. माझ्यावाचून अडणार, हे तिला कळतंय.

२० एप्रिल, मेढा
ऋषिराजचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, परत मातीत उतरायचं नाही. तो आतल्या खोलीत पडून आहे, कुस्तीचा विषय काढू देत नाही.
मामांना कुणीतरी सांगितलं होतं की नीट चित्र फक्त पाव्हण्यांनी बघितलं. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, कंच्या डावावर?
मला आठवेना. म्हणजे मी बघितलंच नव्हतं. त्या वेळी डेटाचा आलेख बघत होतो, शेवटपर्यंत निम्म्यावर होता. म्हणालो, मामा, चित्र लय स्वच्छ होतं.
त्यांनी हातानं तोंड सावरून परत विचारलं, सावकाश. पोरानं कंचा डाव मारला?
मी म्हणालो, डेटा निम्माच लागला.
त्यांनी डोळे मिटले. संयोगितानं पदरानं ते पुसले, माझ्याकडे न बघता. डोळे दुखत असावेत. या वयात होतं तसं.