पाचव्या शीलाची ओळ

बाबा, आज तुमचा हात मला पडद्यावर दिसला. हात होता बोरी अरबहून आलेल्या एका म्हाताऱ्या सुताराचा, पण थरथर अगदी तुमचीच. यवतमाळच्या दवाखान्यात माझं कामच ते: हातावर तारांच्या चकत्या चिकटवायच्या, बोटाला कंप मोजणारं यंत्र बांधायचं आणि दोन रेघा बघत बसायचं. एक रेघ हात हलतो त्याची, दुसरी स्नायूत वीज उठते तिची. सुताराच्या दोन्ही रेघा जोडीनं चालल्या होत्या. वीज उठली की हात हललाच. मग हाताला वजन बांधलं. नुसता हात लटपटत असता तर त्यानं थरथरीची गती मंदावली असती. ती तसूभरही बदलली नाही. म्हणजे हुकूम डोक्यातूनच सुटतो, स्नायू बिचारा फक्त ऐकतो.

दिग्रसमध्ये तुम्ही दुकानांचे बोर्ड रंगवायचात. मी नववीत असताना तुमचा हात थरथरायला लागला, अक्षरांच्या कडा फाटायला लागल्या. जिनिंगवाल्यानं तर तोंडावरच विचारलं, "काय पेंटर, सकायपासूनच लावली का?" ज्या माणसानं तोवर जन्मात थेंब चाखला नव्हता, त्याला! तुम्ही हसून फाटलेली कड पुसायला लागलात. मला मात्र तुमचीच लाज वाटायची, असली मी पोर.

मग विहाराच्या भिंतीवर पंचशील लिहायचं काम तुमच्याकडे आलं. पहिल्या चार ओळींना चार दिवस लागले, लिहायचं आणि पुसायचं. पाचव्या दिवशी मी डबा घेऊन येते तर तुम्ही शिडीवर, आणि ब्रश कसा सरळ चाललेला! दारूपासून दूर राहायची ती ओळ, एकेक अक्षर छापल्यासारखं. विहार कमिटीची माणसं खालून म्हणताहेत, "वा पेंटर, आज हात बसला!" तुम्ही डबा घ्यायला वाकलात आणि भपकन वास आला. मी सगळ्यांसमोर ओरडले, "पिऊन शील लिहून राह्यले तुम्ही? लाज नाही वाटत?" तुम्ही हळूच म्हणालात, "पोरी, दोन घोट घेतले का हात थांबते. ओळ वाकडी नको व्हायले म्हणून घेतली." मी म्हटलं, बेवड्यांचे बहाणे असलेच असतात. दुसऱ्या दिवशी कमिटीनं ती भिंत चुना मारून पांढरी केली. तुम्ही पुन्हा ब्रश धरला नाही. जिनिंगच्या फाटकावर चौकीदारी करत चार वर्षं काढलीत आणि गेलात.

आज तपासणी झाल्यावर सुतारानं इकडंतिकडं बघून विचारलं, "म्याडम, थोडीशी घेतली का हे थांबते. काहून?" मी तार गुंडाळायची सोडून डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर सहज म्हणाले, "या कंपात होतं तसं. दारूनं घटकाभर शांत होतो, मग परत येतो. प्यायचं नाही, गोळ्या घ्यायच्या." घटकाभर! तेवढ्यात तुमची एक ओळ होत होती, बाबा. गोळ्या तेव्हाही होत्या. एसटीनं दोन तासांवर यवतमाळ होतं, पण तुम्हाला दवाखान्यात न्यावं हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. मी तुमच्याशी बोलणं टाकलं.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे, कारण भावाच्या हाती लागलं तर अवघड होईल. घरी मी सांगितलंय की वास कमिटीच्या माणसांना आला आणि त्यांनीच तुम्हाला शिडीवरून उतरवलं. आई मरेपर्यंत कमिटीवाल्यांशी बोलली नाही. वास त्यांच्यातल्या कोणालाच आला नव्हता, बाबा. ते तुमची अक्षरं बघत होते.