ठणठणीत बॉयलरचं दुखणं

६ नोव्हेंबर, बुधवार

केलं एकदाचं!

सकाळी सव्वानऊला आमचा नवरोबा लेन पेपर आणायला बाहेर पडला, तशी मी पितळी किल्ली घेऊन वरच्या मागच्या खोलीत गेले आणि रेडिएटरचं पाणी पातेल्यात सोडलं. काळं कुळकुळीत, वर वास. दोन पातेली भरली. खाली स्वयंपाकघरात बॉयलरचा दाबाचा काटा दीडवरून पार तळाला. टक्! बंद. हेदर नुकतीच बेकरीतली पहाटपाळी संपवून आली होती आणि शॉवरखाली उभी होती. आपल्याच लेकीची अशी किंकाळी ऐकून आईला आनंद व्हावा, हे काही बरं नाही. पण झाला.

इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. बॉयलर ठणठणीत आहे. बावीस वर्षांपूर्वी लेनने स्वतः बसवला. चाळीस वर्षं गॅसफिटर होता, अर्धं हॅलिफॅक्स त्याने गरम केलंय. निवृत्त झाला तेव्हा त्याचं गॅसच्या परवान्याचं कार्ड गेलं, आणि कार्डाशिवाय कायद्याने हात लावता येत नाही. "कायदा गेला खड्ड्यात! माझा बॉयलर मी बघेन." दर थंडीच्या तोंडावर उघडतोच.

गेल्या महिन्यात मी दारातून बघितलं. स्क्रू-ड्रायव्हर स्क्रूच्या खाचेत बसेना. तीनदा. मग त्याने तो हात खिशात घातला. तेव्हापासून साहेबांना चहा अर्धा कप लागतो. "डॉक्टरने चहा कमी करायला सांगितलाय." कुठल्या डॉक्टरने? सहा वर्षांत हा माणूस दवाखान्याची पायरी चढलेला नाही.

मला बॉयलरची भीती नाही. गॅस आणि ते हात, याची भीती आहे. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात त्याच्या गाण्याबद्दल बोलले, गाडी चालवण्याबद्दल बोलले, त्याच्या आईबद्दल तर भरपूर बोलले. हातांबद्दल तोंड उघडत नाही. त्या हातांवर तर तो जगला.

म्हणून बॉयलरनेच आजारी पडायचं. नवा आला की त्याला दहा वर्षांची हमी, आणि हमी म्हणजे बाहेरच्या माणसाने झाकण उघडायचं नाही. घरातलासुद्धा बाहेरचाच!

७ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा सव्वानऊ, पुन्हा दोन पातेली. लेनने पाणी भरून काटा दीडवर आणला आणि म्हणाला, "कुठेतरी गळती आहे." टॉर्च घेऊन रांगत घरभर फिरला. मी मागून "अरेरे" म्हणत होते.

घोटाळा एकच. हेदरच्या पांढऱ्या टॉवेलवर काळ्या पाण्याचा डाग पडला. मी इमोजेनच्या केसांच्या रंगावर ढकललं.

"आजी! मी गुलाबी लावते. काळा नाही!"

"धुतल्यावर काळा पडतो, बाळा."

नातीने माझ्याकडे असं बघितलं! चौदा वर्षांची आहे, पण नजर पोलिसाची. लेनने टॉवेल हातात घेतला, उलटसुलट केला आणि गुपचूप धुवायला टाकला.

९ नोव्हेंबर, शनिवार

सगळी घरात. किल्लीला सुट्टी. काटा दीडवरून हलेना. लेन म्हणाला, "शनिवार आला की हा कसा शहाण्यासारखा वागतो, बघ."

११ नोव्हेंबर, सोमवार

दुकानातून लवकर परतले, तर लेन बॉयलरसमोर गुडघ्यावर. झाकण उघडं! मला बघताच घाईघाईने लावून टाकलं. कानावर सुतारी पेन्सिल. "काही नाही गं, माप घेत होतो." कसलं माप?

आगीतून फुफाट्यात पडले मी. त्याचे हात त्या पेटीपासून लांब राहावेत म्हणून पेटी बिघडवायला निघाले, आणि बिघडली म्हणून तो तिच्यातच शिरतोय! अक्कल गहाण ठेवली होती का मी? आता किल्ली बंद. नवा बॉयलर ठरवायचा, आणि लगेच.

आमच्याकडे पडदा बदलायचा झाला तरी तीन जणांचे भाव मागवतात. लेन दुपारी नगरपालिकेकडून घेतलेल्या भाजीच्या वाफ्यावर जातो. तीन दुपारी, तीन माणसं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज पाणी सोडलं नाही. तरी काटा तळाला! म्हणजे खरंच बिघडला की काय? खोटं बोलायला गेलं की देव ऐकतो, आई म्हणायची ते खरं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

पहिला आला. चकचकीत बूट, हातात टॅब्लेट, सेंटचा घमघमाट. बॉयलरकडे नुसती नजर टाकली. झाकणाला बोटही लावलं नाही.

"बावीस वर्षं? मॅडम, हा संग्रहालयात द्या."

"मीही त्याच वेळी आले या घरात. मला कुठे देताय?"

हसला नाही. टॅब्लेटवर बोट फिरवून म्हणाला, दोन न्हाणीघरं म्हणजे चाळीस किलोवॅटच हवा, त्याहून लहान नाहीच. आम्ही चार माणसं आहोत, पोहण्याचा तलाव नाही, असं सांगून बघितलं. मग म्हणाला, आज सही केली तर खास सवलत. उद्या सवलत मेली. चहा नको म्हणाला. बाटलीतून काहीतरी हिरवं प्याला.

चहा न घेणाऱ्या माणसाला मी स्वयंपाकघरात भिंत फोडू देणार नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरा, हॉलरॉइड नावाचा. हा अस्सल आमच्याकडचा. गॅसवाला घरात आला की आधी दातांतून हवा ओढतो, मग मान हलवतो, मग विचारतो. तिन्ही झाली.

"मावशी, कुणी बसवला हा?"

"का हो?"

"छे छे छे. बसवणाऱ्याला पकडून आणा, विचारतो त्याला. हे पाइप बघा. खाटकाचं काम!"

खरं सांगायचं तर लेनने चाळीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन हेच केलं. रोज संध्याकाळी येऊन "आज कुठल्या गाढवाचं काम बघितलं" हे सांगायचा आणि मी खो-खो हसायचे. आज ते व्याजासकट परत आलं. आणि मला हसू आलं नाही. राग आला. सादळलेली बिस्किटं दिली त्याला. पाच खाल्ली! हमी फक्त पाच वर्षांची. बिस्किटाला एक वर्ष.

लेन घरी आला, टेबलावरचा चुरा बघितला.

"कोण आलं होतं?"

"पाद्रीबाबा."

"चिखलाचे बूट घालून?"

"देवाचं काम करतात, चिखल लागणारच."

"हं," म्हणाला आणि फडक्याने चिखल पुसू लागला. स्वतः! कधी नव्हे ते.

१८ नोव्हेंबर, सोमवार

किल्ली ड्रॉवरमध्ये आठवडाभर तशीच. काटा मात्र रोज सव्वानऊच्या सुमारास तळाला! लेनला वाफ्यावर लवकर पाठवावं म्हटलं तर म्हणतो, "आधी मी पेपर वाचतो, वरच्या खोलीत. उजेड चांगला आहे." हेदर बेकरीच्या मोरीत केस धुते. इमोजेन मैत्रिणीकडे. घर की धर्मशाळा!

१९ नोव्हेंबर, मंगळवार

तिसरी. हो, तिसरी! ब्रॅडफर्डची नसरीन अख्तर. पन्नाशीची, ओढणी मानेमागे घट्ट बांधलेली, दारातच बुटांवर पिशव्या चढवल्या. गुडघ्याखाली गादी घेतली आणि बसली. मी दातांतून हवा ओढल्याच्या आवाजाची वाट बघत राहिले. आलाच नाही.

भिंतीवरून तीन तांब्याचे पाइप जातात, एका कोपऱ्यात तिन्ही वळतात. त्या वळणांवरून तिने बोट फिरवलं.

"आंटी, हे कुणी वाकवलंय?"

"का? काय चुकलंय?" मी कंबर कसलेलीच.

"चुकलंय? आता सगळे तयार वळणं आणून चिकटवतात. हे हाताने वाकवलंय. तिन्ही एकसारखी, कुठे सुरकुती नाही. मला चार वर्षं लागली असं शिकायला."

काय झालं मला कुणास ठाऊक, डोळेच भरले. खुर्चीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. लेन, हात, अर्धा कप, पितळी किल्ली, पातेली, सगळं! ती इतकी हसली की चहा ओढणीवर सांडला. मग ओढणी पुसली. "माझ्या अब्बांची नजर गेली होती. गाडीच्या किल्ल्या आम्ही सहा महिने रोज नव्या जागी हरवायचो," म्हणाली.

मग नळाखाली जग धरून घड्याळात बघत पाणी भरलं. "तुमच्या गल्लीत नळालाच एवढं पाणी येतं. तो चाळीसवाला काय आकाशातून आणणार? तीसचा भरपूर झाला. फक्त दोन्ही शॉवर एकदम नको." इमोजेनला हे कळवणं माझ्याकडे.

आणि हमी दहा वर्षांची. "मधे दुसऱ्या कुणी झाकण उघडलं तर रद्द."

"पुन्हा एकदा म्हण."

म्हणाली. ठरलं!

२० नोव्हेंबर, बुधवार

लेनला सांगितलं. आरडाओरडा होणार, दारं आपटणार. अर्धा कप पुढे ठेवला आणि म्हटलं, "मी नवा बॉयलर ठरवलाय. नसरीन नावाची बाई बसवणार."

त्याने भिंतीवरच्या पाइपांकडे बघितलं. मग, "पाइप बघितले का तिने?"

"बघितले. म्हणाली, असं वळण हल्ली कुणी काढत नाही."

"असं म्हणाली?"

"चार वर्षं लागली म्हणाली तिला शिकायला."

"मला तीन," तो म्हणाला. मग म्हणाला, "बरं. येऊ दे."

एवढंच! मी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

२७ नोव्हेंबर, बुधवार

बसला नवा. लेन दिवसभर खिशात हात घालून स्वयंपाकघरात उभा. एकदाही नाक खुपसलं नाही! नसरीनने जुन्याचं झाकण काढलं, आतल्या बाजूला बघत राहिली, आणि खोकत खोकत अंगणात पळाली. धूळ असेल म्हटलं. परत आली तेव्हा डोळे लाल. झाकण अंगणात भिंतीकडे तोंड करून ठेवलं. लेनकडे बघून म्हणाली, "अंकल, वळणं तशीच ठेवतेय. नवा त्यांनाच जोडते." लेन खिडकीबाहेर बघू लागला.

घर गरम. इमोजेन पंचवीस मिनिटं शॉवरखाली. बाहेर आली ती गुलाबीच.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सव्वानऊला लेन पेपर आणायला गेला. सवयीने माझा हात ड्रॉवरमधल्या किल्लीकडे. किल्ली नाही! शोधली. लेनच्या स्वेटरच्या खिशात सापडली, काळ्या पडलेल्या रुमालात गुंडाळलेली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

भंगारवाला आला. झाकण उचलून दिलं, तेवढ्यात आतली बाजू दिसली. सुतारी पेन्सिल. अक्षर लेनचं, थरथरलेलं.

"११ नोव्हेंबर. जो उघडेल त्याला. आत काही बिघडलेलं नाही, मी हातही लावलेला नाही. रोज सव्वानऊला बायको वरचं पाणी सोडते. टॉवेलवरचा काळा डाग कशाचा, ते चाळीस वर्षं या धंद्यात काढलेल्याला कळतं. ती थांबली तर मी सोडीन. हात गेले माझे, पण तिला सांगवत नाही. जपून उतरव. चांगला चालला. लेन."

भंगारवाल्याला रिकाम्या हाती पाठवलं. झाकण पलंगाखाली आहे.

लेन पेपर घेऊन आला. मी कप काठोकाठ भरून दिला.

"अर्धा म्हटलं होतं ना?"

"सांडू दे. सोमवारी अकराला डॉक्टर. मी पण येतेय."

त्याने कप दोन्ही हातांनी उचलला. बशीत बराच सांडला. "बरं," म्हणाला.

बशीतला मी प्याले.