मी न म्हटलेलं वाक्य

३ फेब्रुवारी, सोम.
सायटेशन पुन्हा वाढले. सकाळी बघायचं नाही असं ठरवून चहाआधीच बघितलं. क्वांटम कॉम्प्युटरच्या क्युबिटांवरच्या माझ्या पेपरचा दाखला शंभरावर लोकांनी दिलाय. आनंद व्हायला हवा. नवे तीन पेपर उघडले. तिघांनीही लिहिलंय की क्युबिट कितीही वाढवले तरी त्या पेपरातली पद्धत गणनेतल्या चुका कमी करते. पुढे कंसात माझं नाव.
मी असं म्हटलेलं नाही. थोड्या क्युबिटांवर चालते, वाढवले की कोसळते, असं म्हटलंय. आपला पेपर पुन्हा पुन्हा वाचला. स्पष्ट आहे. स्पष्टच आहे ना?

५ फेब्रु., बुध.
तिघांपैकी एकाला मेल केला होता, त्याचं उत्तर आलं. फार नम्र. मूळ पेपर वाचलेला नाही, वाक्य एका आढावा लेखातून घेतलं, क्षमस्व.
तो लेख सरांचा आहे. माझ्या सरांचा, ज्यांच्या हाताखाली पीएचडी केली. सतरा तारखेच्या प्राध्यापकीच्या मुलाखतीसाठी शिफारसपत्रही त्यांचंच.
जेवण गेलं नाही. आईला ॲसिडिटी सांगितली.

७ फेब्रु., शुक्र.
आत्याबरोबर उल्हासनगर, कॅम्प १. तिच्या क्लासचा फ्लेक्स छापायला. पाचवीत शाळेत घालेपर्यंत मला तिनेच घरी शिकवलं, म्हणून फ्लेक्सवर मी 'आमची पहिली विद्यार्थिनी'. फोटो पदवीदानाचा. खाली 'शंभराहून अधिक शास्त्रज्ञ हिचा दाखला देतात'.
छपाईवाले सिंधी अंकल : "मॅडम, ये दाखला मतलब? अवॉर्ड जैसा?"
आत्या : "उससे भी बडा. दुनियाभर के लोग बोलते हैं, हमारी लडकी ने जो बोला वो सही है."
"वडी साईं! मेरा बोला तो घर में भी कोई नहीं मानता."
सगळे हसले, मीही. ती ओळ काढू या म्हणायला तोंड उघडलं, तोवर मशीन सुरू.

९ फेब्रु., रवि.
सरांना फोन केला.
"अगं, आढाव्यात एवढं बारीक कोण लिहितं? एका ओळीत सांगायचं असतं."
पण सर, अर्थ उलटा झालाय.
"उलटा नाही, अपुरा. आणि त्या लेखामुळेच तुला एवढे सायटेशन मिळाले, हे विसरू नकोस. मुलाखत होऊ दे, मग बघू दुरुस्तीचं."
रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. शिफारसपत्र कालच पाठवलं म्हणाले. त्यातही तेच वाक्य असेल तर

११ फेब्रु., मंगळ.
फ्लेक्स लागला. स्टेशनाकडच्या रस्त्याला, दोन वाढदिवसांच्या शुभेच्छांच्या मधे. भाजीला लांबच्या रस्त्याने गेले.
बातमी आनंदनगर एमआयडीसीत बाबांच्या कंपनीतही पोचली. बाबा : "पोरं विचारतात, साहेब, मुलगी कॉम्प्युटर बनवते का?"
काय सांगितलंत?
"हो म्हटलं. कशाला लांबण लावायची?"

१३ फेब्रु., गुरु.
आत्याला सांगितलं. क्लास सुटला होता, ती फळा पुसत होती.
"म्हणजे लोक तुझं नाव घेतात ते खोटं?"
नाव खरं. त्याच्या आधीचं वाक्य खोटं.
"मग तू काय म्हटलं होतंस?"
मोठ्यावर चालत नाही, असं.
"हे शोधायला वर्षं घातलीस ना? मग तेच तुझं काम. ते कोण सांगतं?"
कोणीच नाही.
डस्टर ठेवलं, हात झटकले. मग नुसतंच, "नव्या बॅचच्या ॲडमिशन चालू आहेत गं, चिमे."

१५ फेब्रु., शनि.
ज्या नियतकालिकात सरांचा लेख आला, त्याला दुरुस्तीचं पत्र लिहून ठेवलंय. सगळी विशेषणं काढली. तरी सरांवर ठपका येतोच. मुलाखतीनंतर पाठवलं तर नोकरी त्या वाक्यावर मिळालेली असेल. आधी पाठवलं तर कदाचित मिळणारच नाही. आणि सर परत कधी

१६ फेब्रु., रवि.
संध्याकाळी दूध आणायला गेले, मुद्दाम फ्लेक्सच्या रस्त्याने. दाखल्याच्या ओळीवर पांढरी पट्टी. माझा फोटो आहे, नाव आहे, खाली नुसतं पांढरं.
आत्याकडे गेले. कोणी विचारलं तर?
"विचारतायत की. बदलापूरची एक आई सकाळीच विचारून गेली."
काय सांगितलंस?
"म्हटलं, दुरुस्ती चालू आहे."
ॲडमिशन घेतली का तिने?
"कळवते म्हणाली."
घरी येऊन पत्र सरांना पाठवलं. नियतकालिकाला अजून नाही, आधी त्यांना. खाली दोन ओळी : उद्या त्या पेपरबद्दल विचारलं तर पेपरमध्ये आहे तेवढंच सांगेन. विचारलं नाही तरी सांगेन. दुसरी ओळ दोनदा खोडली, मग ठेवली.
सरांचं उत्तर नाही. फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा कुरियरवाला.
उद्या अकराला मुलाखत. साडी इस्त्री करून ठेवलीय. फ्लेक्सवरची पट्टी मात्र नीट बसलेली नाही. एका कोपऱ्यात सुटलीय, आणि वारा आला की 'शंभराहून' दिसतं.