पाठ फिरवून ऐकणाऱ्या बाई

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्याशी वाद घालू शकते. खो-खोच्या संघात तुम्ही मला घेतलंत, हे मला अजून पटलेलं नाही. मी वेगात धावायचे हे खरं, पण माझा खो कुणाला ऐकूच जायचा नाही. बसलेल्या मुलीच्या पाठीला हात लावतानाच मोठ्यानं 'खो' म्हणायचं. आवाज आला नाही की पंचांची शिट्टी. कळव्याच्या आपल्या पालिकेच्या शाळेला खेळाचे शिक्षक नव्हते, म्हणून गणित शिकवणाऱ्या तुम्ही पदर खोचून, कॅनव्हासचे बूट घालून मैदानात उतरायचात.

"हिचा खो म्हणजे देवीपुढचा नवस," आमची कप्तान म्हणायची. "ओठ हलतात, ऐकू फक्त देवीला!" तुम्हीही हसलात, ते मला लागलं. त्या संध्याकाळपासून तुम्ही मला एकटीला मागे ठेवून घेऊ लागलात. मैदानाच्या पार टोकाला, खाडीच्या बांधावर, माझ्याकडे पाठ करून उभ्या राहायचात, हातात मिटलेली छत्री. खो ऐकू आला की छत्री वर. पहिले कितीतरी दिवस ती हललीच नाही. एकदा मी तुमच्यापाशी येऊन मुसमुसायला लागले, तर म्हणालात, "रडायचंय ना? मग मोठ्यानं रड. तोही सरावच."

नंतर तुमच्या घरी. तुम्ही पोहे परतताय, मी दारात उभी आहे. "आत ये गं, पाहुण्यासारखी काय उभी?" आमच्या घरी वडिलांपुढे कुणी आवाज काढत नसे. हे तुम्हाला ठाऊक होतं का, मला माहीत नाही. तुम्ही विचारलं नाहीत. बशी पुढे केलीत.

आपली शाळा पहिल्यांदाच अंतिम फेरीला पोचली, सामना कल्याणला होता. "त्या मुक्या पोरीला आज बसवा बाहेर," मुख्याध्यापक म्हणाले. "सर, ती मुकी नाही, मोजून बोलते. ती खेळणार. हरलो तर मला बोला." हे मी ऐकलं.

माझ्या पहिल्याच खोला शिट्टी वाजली. समोरची एक मुलगी ओरडली, "ए, हिला बोलता येतं काय गं?" शेवटच्या मिनिटाला त्यांची एकच खेळाडू उरली होती, ती बाद झाली तर ढाल आपली. मी तिच्यामागे धावत होते. तेवढ्यात मैदानाच्या कडेला तुम्ही दिसलात, सामन्याकडे पाठ करून. लोकांना वाटलं, बाईंना बघवत नाहीये. मी कप्तानच्या पाठीला हात लावला आणि ओरडले. आवाज चिरकला, समोरच्या मुली खिदळल्या, पण शिट्टी वाजली नाही. छत्री वर गेली. कप्तान उठली आणि दोन ढांगांत तिनं ती खेळाडू टिपली.

आता मी ठाण्याच्या एका कारखान्यात यंत्रांच्या चाचण्या घेते. तिथल्या घरघरीत माझ्या सूचना सगळ्यांना ऐकू जातात. हे कौतुकाचं नाही, कामाचं आहे.

हे पत्र मी घडी करून माझ्याकडेच ठेवणार आहे. एक मात्र तुमच्यासमोर कधी बोलले नाही. मला खो-खो कधीच आवडला नाही, बाई. शाळा सुटल्यावर तुम्ही माझ्यासाठी थांबायचात, म्हणून मी यायचे.