इलियाच्या नावाची पाटी

२ ऑक्टोबर
पोचलो. धरणाच्या नियंत्रणघरात वरची खोली मिळाली, खिडकीतून रोदोपीचे डोंगर दिसतात. दारावर रिवाजाप्रमाणे मृताचा फोटो असलेला कागद आहे: इलिया, माझ्या आधीचा प्रोग्रामर, वसंतात गेला. इथलं सगळं दोन्कामावशी बघते. चीज भरलेली बानित्सा वाढताना म्हणाली, किरिल, बरगड्या दिसतायत तुझ्या, होणारी बायको पळून जाईल. काम सोपं आहे: जुना प्रोग्राम नव्या लिनक्सवर चालवायचा. मग वेसेलाकडे परत आणि लग्न.

४ ऑक्टोबर
लिनक्स टाकलं, कोडचा प्रोग्राम बनवणारा कंपायलर टाकला, तरी रडगाणं सुरूच: ही लायब्ररी नाही, ती लायब्ररी नाही. तयार कोडचे ते गठ्ठे एकेक शोधून आणले. आता एकच उरली, तिचं नाव ‘इलिया’. पठ्ठ्याने स्वतः लिहिलेली, आणि प्रत कुठेच नाही.

५ ऑक्टोबर
शेवटी आमच्या धंद्यातली चोरवाट धरली. माझीही एक लायब्ररी आहे, ‘किरिल’, ती प्रत्येक कामावर सोबत असते. तिच्यावरच ‘इलिया’ नावाची पाटी लावली. मशीनला नाव मिळाल्याशी कारण. प्रोग्राम निमूट तयार झाला. धरणाची दारं, या घराचं दार, सगळं त्याच्या ताब्यात गेलं. राकिया घेतली. ग्लास भिडवताना दोन्कामावशी मला इलिया म्हणाली. वय झालंय तिचं.

६ ऑक्टोबर
दारावरचा कागद गेला. मावशीला विचारलं, तर म्हणते, जित्या माणसाचा कागद कोण लावतं रे, इलिया? चेष्टा करत असेल. मला हसू आलं नाही.

७ ऑक्टोबर
बॅग भरली. दार उघडेना. मशीन सांगतं, इलिया कामावर आहे. पाटी काढायला गेलो, तर तो हक्क फक्त किरिलला. किरिल म्हणून शिरायला गेलो— असा वापरकर्ता नाही. मीच उघडलेलं खातं. मला भीती वाटते आहे.

८ ऑक्टोबर
वेसेलाला फोन लावला. रडत होती. म्हणाली, इलियाकाका, शेवटच्या घटकेला तुम्हीच होतात ना किरिलजवळ? मी किरिल आहे म्हटलं तर— लाज काढली माझी. तिने फोन ठेवला.

९ ऑक्टोबर
मावशीसाठी दार उघडलं. धावलो— मिटलं. तेवढ्यात बाहेरचा कागद दिसला. ताजा. फोटो माझा.
तिच्या हातात गोड गहू, मेलेल्याच्या नावाने वाटतात तो. घे, इलिया, म्हणाली, त्या बिचाऱ्या पोराच्या नावानं.
खाल्ला. भूक—

१०
विसरायच्या आत लिहून ठेवतो. वेसेला माझी. लग्न माझं. माझं नाव इलि—