तिन्ही वर्गांत गळती

४ जुलै

चि. आकडेबाईस,
अनेक आशीर्वाद. फोनवर आपलं दोन मिनिटांत वाजतं, म्हणून पत्र. घरी सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा दिवसभर कुरकुरतो; तिचं म्हणणं, तो माझ्यावर गेलाय.

आता मुद्द्याचं. आमची शाळा बंद करून मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत मिळवायचा हुकूम आलाय. कारण दिलंय की इथे गळती फार, आणि आधार म्हणून तुमच्याच संस्थेचा अहवाल. अगं, गळती कुठली? मी इथे आल्यापासून एकाही पोराने शाळा सोडलेली नाही. तापाने फणफणलेली पोरंसुद्धा येतात, त्यांना मलाच घरी पिटाळावं लागतं. वरच्या वर्गातली ती वकीलीण तुला आठवत असेल, उत्तर चुकलं की गणितच चुकीचं आहे म्हणून भांडणारी. तिने मला बजावलंय की सही करू नका, आधी पुरावा मागा. म्हणून तुझ्याकडे मागतोय.

शाळेतच बसून लिहितोय. टेबल दोनदा सरकवून झालं. कागदावर डाग दिसला तर मी रडलो असं समजू नकोस.
लोभ आहेच, सध्या तो जरा कामाला लाव.
तुझा दादा

१९ जुलै

ती. दादास,
साष्टांग नमस्कार, या वेळी पाय जरा घट्ट धरून.

पुरावा सापडला. मागच्या वर्षी आमच्याकडून शाळाशाळांना फोन गेले होते. तुझ्याशी बोललेल्या मुलीने विचारलं की शाळेत गळती आहे का. मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. तू अगदी खुशीत येऊन सांगतोयस की आहे ना, तिन्ही वर्गांत आहे, दरवर्षी वाढतेच आहे, वर कळवून कळवून थकलो, कोणी दाद घेत नाही. दादा, ती मुलांबद्दल विचारत होती. तू छपराबद्दल बोलत होतास.

आधी मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग आठवलं, तो प्रश्न मीच तयार केला होता. आम्हाला गळती म्हणजे शाळा सोडणारी मुलं. दुसरा काही अर्थ असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझा निम्मा जन्म वर्गात बादल्या मांडण्यात गेलेला, तुला तरी दुसरं काय सुचणार?

तशीच साहेबांकडे गेले. त्यांचं म्हणणं, इतक्या शाळांमध्ये एक नोंद चुकली म्हणून निष्कर्ष बदलत नाही. ते खरंच आहे, सरासरी तुझ्या शाळेवाचून जागची हलत नाही. मी म्हटलं की हुकूम सरासरीला आलेला नाही, माझ्या भावाला आलाय. त्यावर ते म्हणाले, आत्ता चूक कबूल केली तर लोक सगळ्या अहवालावरच शंका घेतील. पण मी थेट शिक्षण खात्याला लिहिते. थोडा धीर धर. वहिनींच्या गुडघ्याला शेक दे, उपदेश नको.
माया पातळ करू नकोस.
तुझी धाकटी

२ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद. धीर धरून झाला. बाकं ट्रकमध्ये भरून गेली आणि पाठोपाठ मीही नव्या शाळेत रुजू झालो. इमारत चांगली आहे, छप्पर पक्कं. खात्यात जाऊन छपराचा घोटाळा सांगितला, तर तिथले साहेब पोट धरून हसले, मला चहा पाजला आणि म्हणाले, संस्थेचं पत्र आणा. तुझं पत्र कुठे अडलंय?

वकीलीण थोडे दिवस आली. मग तिच्या बापाने तिचं येणं बंद केलं. तो वेल्डर आहे, उजाडताच कामावर जातो. त्या रस्त्यावरून ट्रक सुसाट जातात, तिला रस्ता ओलांडून द्यायला घरात कोणी नाही. मी समजवायला गेलो होतो. ती धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. मला पाणी आणून दिलं, आणि एका शब्दाने वाद घातला नाही. मला तिची भीती वाटली गं.
लोभ असेल तर लिही.
दादा

११ मार्च

ती. दादास,
नमस्कार. खात्याला ते पत्र मी पाठवलंच नव्हतं. माझी नेमणूक पुढे वाढवायची की नाही हे त्याच सुमारास ठरायचं होतं. आज पाठवलं. साहेबांना न विचारता.

आज जाग आली ती अशी. एकत्र केलेल्या शाळांच्या मुलांचे गुण वाढलेत, असा आमचा नवा निष्कर्ष निघाला. सभेत टाळ्या पडल्या. मी विचारलं की जी मुलं परीक्षेला बसलीच नाहीत त्यांचं काय, तर म्हणाले, बसलेल्यांचीच सरासरी काढतात. दादा, लांबची आणि कच्ची मुलं घरी बसली म्हणून ती सरासरी वर गेली. खाली माझं नाव आहे. मला माझी लाज वाटते.
रागाव, पण तोडू नकोस.
धाकटी

२० मे

चि. आकडेबाईस,
आशीर्वाद. तुझं पत्र खात्याला पोचलं. त्यांनी चूक मान्य केली, अगदी मनापासून. गळती छपराचीच होती असं ठरलं, आणि तातडीने दुरुस्ती मंजूर झाली. माणसं येऊन नवे पत्रे ठोकून गेली. आता आपल्या शाळेत तिन्ही वर्गांत थेंब पडत नाही. दाराला कुलूप आहे.

काल तुमच्याकडून पुन्हा फोन आला होता. शाळेत गळती आहे का म्हणून. आधी मी विचारलं, छपराची की मुलांची? मुलगी गोंधळली, मग मुलांची म्हणाली. मी सांगितलं, माझ्या जुन्या वर्गातली एक. तिने फार नम्रपणे विचारलं, सर, एक मूल टक्केवारीत बसत नाही, शून्य लिहू का?

अशा वेळी भांडणारी वकीलीण एकटीच होती.

लोभ आहे. तो तेवढा मोजू नकोस.
दादा