गौस रोज शाप ऐकायला येतो

४ मार्च १९७४
पोलिसांनी कागद मिटवले. अपघात म्हणे! माझा लेक शामू फौंड्रीत वाळू मळायच्या मिक्सरमध्ये उतरून साफ करत होता, त्याच्या जोडीला असलेल्या गौसनं न बघता बटण दाबलं — आणि हा अपघात! दुसऱ्या दिवशी मिक्सर सुरूही झाला.

१० मार्च
पाळकसाहेब आले. "बाई, क्षमा करा." चहा पिऊन गेले. स्वतःचं काय जातंय! मला शत्रूला शाप देणारा दावीद राजा हवा. बायबलातलं त्याचं एकशे नववं स्तोत्र काढलं. शत्रूचं आयुष्य खुंटो, बायको रंडकी होवो, लेकरं दारोदार भीक मागोत — सगळं आहे त्यात. मोठ्यानं वाचलं. शामू गेल्यापासून पहिल्यांदा भूक लागली.

११ मार्च
पापी निनवे शहराला देवानं माफ केलं म्हणून योना संदेष्टा रुसून बसला. बरोबरच रुसला!

१७ मार्च
गौस दारात! "मावशी, शिव्या द्या की. मालक म्हणतोय इसर. जमातवाले म्हणत्यात अल्लाची मर्जी. कुणी मला एक वाईट शब्द बोलंना झालंय." उंबऱ्यावर बसवून अख्खं स्तोत्र ऐकवलं. मान खाली घालून ऐकलं त्यानं. "दावूद पैगंबरांचं न्हवं हे? आमच्यातबी मानत्यात त्यास्नी." जाताना विचारतो — "उद्या येऊ?"

२४ मार्च
रोज येतो. ऐकलं की रात्री डोळा लागतो म्हणे. माझ्या शापावर झोपतो मेला! आणि मी टक्क जागी. देवा, हा कसला सूड?

३१ मार्च
बायकोला ताप, म्हणून लेकीला घेऊन आला. नजीरा. तोंडात बोट घालून माझ्याकडे बघत बसली. लेकरांच्या ओळीपाशी आले आणि जीभच उचलेना. गौस म्हणाला, "थांबू नका मावशी, वाचा." मी ओरडले — "गप बस!" पोर दचकून रडायला लागली. उचलून घेतली. मग मलाही आवरेना. शामूच्या नावानं मोठ्यानं रडले, गौसच्याच देखत.

१ एप्रिल
आज बायबल काढलंच नाही. म्हटलं, गौस, तिथं तू एकटाच होतास. माझा शामू शेवटी काही बोलला का?
"थांब म्हणाला व्हता, मावशी. मला वाटलं चेष्टा करतोय."
अजून बसून आहे उंबऱ्यावर. ऊठ म्हणवत नाही. बस म्हणवत नाही.